जुन्या सायकलला थ्रेडलेस हेडसेट बसवताय? या चुका टाळा

हेडसेट म्हणजे फ्रेममध्ये फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) फिरवणारे बेअरिंग. जुन्या सायकलीत फोर्कच्या नळीला वरच्या टोकाला आटे असतात आणि हँडल धरणारा स्टेम नळीच्या आत उतरतो. थ्रेडलेसमध्ये नळी वरपर्यंत गुळगुळीत असते, स्टेम तिला बाहेरून आवळतो. त्यामुळे नुसता हेडसेट बदलून भागत नाही, फोर्कही बदलावा लागतो. सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते इथेच.

जुन्या फोर्कच्या आट्यांवरच नवा स्टेम आवळण्याचा मोह धोक्याचा आहे. आट्यांनी नळीची भिंत आधीच पातळ केलेली असते. तिथे ती तुटली तर चालत्या सायकलचे हँडल सुटून हातात येते. आट्यांचा भाग कापून टाकावा, तर उरलेली नळी स्टेमला पुरत नाही.

तुम्हाला फक्त आधुनिक स्टेम आणि ३१.८ मिमीचे हँडल हवे असेल, तर क्विल अडॅप्टर घ्या. त्याचा खालचा २२.२ मिमीचा भाग जुन्या एक इंची फोर्कमध्ये जातो, वर २८.६ मिमीचा स्टेम बसतो. हेडसेट आणि फोर्क जुनेच राहतात. रोजच्या वापराच्या सायकलला मी हाच मार्ग सुचवेन. फक्त अडॅप्टरवरची किमान खोलीची खूण नळीच्या आत गेलीच पाहिजे.

पूर्ण बदल करायचाच असेल, तर खरेदीआधी व्हर्नियर हातात घ्या. ‘एक इंची’ म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास २५.४ मिमी. अशा फ्रेममध्ये आज सर्रास मिळणारा २८.६ मिमीचा फोर्क बसत नाही, एक इंची थ्रेडलेस फोर्कच शोधावा लागतो. स्टेमची मात्र अडचण नाही, शिम (मधली फट भरणारी पातळ कडी) घालून २८.६चा स्टेम चालतो.

एक इंचीतही दोन मापे आहेत आणि घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकात हेडट्यूबचे (फ्रेमच्या पुढच्या नळीचे) कप, म्हणजे बेअरिंगच्या वाट्या, ३०.२ मिमीचे आणि फोर्कवरची क्राउन रेस (खालच्या बेअरिंगची कडी) २६.४ची. जेआयएस या जपानी मानकात ३०.० आणि २७.०. मोठा कप हातोडीने ठोकून घुसवला की हेडट्यूब फुगते किंवा तडकते. उलट २७.०ची रेस २६.४च्या फोर्कवर सैल फिरते आणि हँडल कितीही आवळले तरी खडखडत राहते. कप प्रेसनेच बसवा. दुकानातून बसवून घेतलेत तरी चालेल.

नळी कापण्याआधी हेडसेट, स्पेसर (उंची भरणाऱ्या कड्या), स्टेम सगळे रचून पाहा. नळीचे टोक स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे ३ मिमी खाली हवे. शंका असेल तर जास्त नळी ठेवा, वर एक स्पेसर वाढवता येतो. स्टीलच्या नळीत स्टार नट (टॉप कॅपचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, बोल्ट ज्यात आवळतो तो नट) सुमारे १५ मिमी खोल, सरळ बसवा. कार्बनच्या नळीत स्टार नट कधीही ठोकू नका, तिथे एक्स्पान्डर (आतून पसरून नळीला पकडणारा तुकडा) लागतो.

आता खडखड राहिलीच तर? बहुधा स्टेमचे बोल्ट आधी आवळलेले असतात. ते सैल करा, टॉप कॅपने खेळ काढा, मग बोल्ट आवळा. टॉप कॅप फक्त बेअरिंगवर दाब देते, हँडल धरून ठेवते ती स्टेमची पकड. कॅप आवळूनही फरक पडत नसेल तर ती नळीच्या टोकावर टेकली आहे, स्पेसर घाला. हँडल जड फिरत असेल तर छर्ऱ्यांची जाळी उलटी बसली आहे का, ते पाहा.

तपासताना पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि बोटे खालच्या कपावर ठेवा. ब्रेकच सैल असेल तर तोच हलतो आणि दोष हेडसेटला लागतो, म्हणून चाक आडवे वळवूनही एकदा हलवून बघा.