घर नसलेलं मूल आपल्याच वर्गात असतं: शाळेने आणि गावाने या चुका टाळा

सोलापुरात बेघर मुलं कुठे असतात असं कुणालाही विचारा, उत्तर येतं रेल्वे स्टेशन, नाहीतर एसटी स्टँड. शाळेचं नाव कुणी घेत नाही. पण यातली कितीतरी मुलं रोज प्रार्थनेच्या रांगेत उभी असतात, हजेरीला 'हजर' म्हणतात आणि शाळा सुटल्यावर कुठे जातात हे वर्गशिक्षकांनाही ठाऊक नसतं. भाडं थकलं म्हणून खोली गेलेलं कुटुंब मावशीच्या दहा बाय दहाच्या खोलीत दाटीने राहतं. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला असतील तर पोरगं तिथेच मागच्या बाजूला सुताच्या पोत्यांवर झोपतं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला पाळणेवाल्यांची, खेळणीवाल्यांची पालं पडतात. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात.

2011 च्या जनगणनेने बेघर धरली ती उघड्यावर, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, देवळाच्या आवारात राहणारी कुटुंबं. मावशीच्या खोलीतलं मूल त्या मोजणीत येतच नाही. अमेरिकेत 1987 च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली, घर गेल्यामुळे किंवा आर्थिक अडचणीमुळे नातेवाइकांकडे राहणारं मूलही बेघर विद्यार्थी मानलं जातं आणि अशा मुलांसाठी प्रत्येक शालेय जिल्ह्यात एक जबाबदार माणूस नेमलेला असतो. आपल्याकडे अशी नेमणूक नाही, त्यामुळे ही मुलं ओळखण्याचं काम शाळेतल्या माणसांवरच येतं.

बेशिस्त समजून शिक्षा करणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून यावर थोडं सविस्तर. मूल रोज उशिरा येतं, तिसऱ्या तासाला पेंगतं, गृहपाठ कधीच पूर्ण नसतो, गणवेश दोन-दोन आठवडे धुतलेला नसतो. पालकांचा फोन बंद, आणि वर्षात तिसऱ्यांदा पत्ता बदललेला. यातली एकेक गोष्ट कुठल्याही मुलात दिसेल. तीन-चार एकत्र दिसल्या तर मात्र थांबून बघायला हवं. दप्तर नेहमीच फुगलेलं असणं ही खूण तर हमखास नजरेतून सुटते. सगळी पुस्तकं, एक शर्ट, टॉवेल, कधी आईची औषधांची पिशवीसुद्धा त्यात असते, कारण ठेवायला दुसरी जागाच नसते.

पोषण आहाराच्या रांगेतला सहावीतला मुलगा बघा. ताट भरून घेतो, निम्मी खिचडी खातो, उरलेली प्लॅस्टिकच्या पिशवीत ओततो. पिशवीचं तोंड दोनदा पिळून गाठ मारतो आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ती उभीच ठेवतो, सांडू नये म्हणून. 'घरी न्यायचं नाही, नियम आहे' असं ओरडणं सोपं आहे. 'धाकटीसाठी नेतोस का रे?' हे हळूच विचारणं खिचडी वाढणाऱ्या मावशींना जमतं, कारण त्या त्याला रोज बघतात. सोमवारी कोण अधाशासारखं जेवतं, म्हणजे सुट्टीचा दिवस कुणाचा उपाशी गेला, हेही पहिल्यांदा त्यांनाच कळतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. रात्री झोपायला जागा नसलेल्या मुलाला उशिरा आलं म्हणून वर्गाबाहेर उभं करणं हा छळच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदासाठी दारातून परत पाठवणं

'दाखला आणा, आधार आणा, मग बघू.' या एका वाक्याने मुलाचं वर्ष जातं. शिक्षण हक्क कायदा अगदी उलट सांगतो. कलम 5 प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही. कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही. कलम 4 प्रमाणे मूल वयानुरूप वर्गात बसवायचं असतं. आधार नाही म्हणून मुलाला शाळेत घ्यायचं नाही, असं करता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या आधार निकालात सांगितलं आहे.

मुख्याध्यापकांची अडचण मला कळते. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, आधार जुळलेलेच विद्यार्थी धरले जातात, आणि पट कमी झाला तर शिक्षकाचं पद जातं. पण त्यावर उपाय प्रवेश नाकारणं हा नाही. आधी मुलाला वर्गात बसवा, नाव लिहा, मग आधीच्या शाळेकडे ऑनलाइन विनंती पाठवा आणि आधार नोंदणीसाठी पालकांबरोबर शाळेचं कुणीतरी जाऊ द्या. 2025 च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने काठावरच्या गावांत घरं पाण्यात गेली, तेव्हा पेटीतले दाखलेही भिजले. अशा पालकांकडे मूळ प्रत मागत बसण्यात काय अर्थ आहे?

भाषेचाही विचार हवा. कलबुर्गी, विजयपूरकडून आलेलं मूल कन्नडमध्ये शिकलेलं असतं. त्याला मराठी वाचता येत नाही म्हणून दोन वर्ग मागे बसवू नका. जिल्ह्यात कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, जवळची कोणती ते पालकांना सांगा.

मध्येच गेलेल्या मुलाचं नाव कमी करणं

ऊसतोड टोळीबरोबर मूल गेलं की 'सतत गैरहजर' असा शेरा पडतो आणि विषय संपतो. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेत ते दाखवून त्याला लगेच बसता येतं. ते टोळी ऊसतोडीला निघायच्या आधी हातात पडायला हवं. मागे आजी-आजोबा राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय होते का, याची चौकशी शाळा व्यवस्थापन समितीने दिवाळीच्या आधीच सुरू करावी.

सगळ्यांसमोर विचारणं आणि फोटो टाकणं

'कुणाकुणाला घर नाही, हात वर करा' असं विचारलं तर एकही हात वर येणार नाही. एकट्याला, चालता चालता विचारा: 'शाळा सुटल्यावर कुणीकडे जातोस? अभ्यासाला कुठे बसतोस?' उत्तर मिळालं की ते एकाच विश्वासू बाईंकडे किंवा सरांकडे राहू द्या. स्टाफरूमच्या गप्पांत नको.

मदत देणाऱ्या मंडळांनाही हेच सांगणं आहे. वह्या वाटताना मुलाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला की दुसऱ्या दिवसापासून ते शाळेत यायचं बंद होतं. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणं हा बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे गुन्हा आहे.

लगेच बालगृह, नाहीतर काहीच नाही

कुटुंब पालात राहतं एवढ्यावरून मुलाला संस्थेत पाठवायची घाई करू नका. आई-वडील जवळ असतील तर मुलाने त्यांच्याजवळच राहावं आणि संस्था हा शेवटचा पर्याय असावा, हेच बाल न्याय कायद्याचं तत्त्व आहे. पण मूल एकटं असेल, पालक सोडून गेले असतील किंवा मारहाण होत असेल तर वाट बघू नका. 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा. पालकांपासून दुरावलेलं मूल सापडलं तर 24 तासांत कळवणं बंधनकारक आहे, आणि पुढचा निर्णय बाल कल्याण समिती घेते. मामा, काका सांभाळायला तयार असतील पण परवडत नसेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात बाल संगोपन योजनेची चौकशी करा.

कार्यशाळा फक्त शिक्षकांची घेणं

घर गेल्याची बातमी शिक्षकाला शेवटी कळते. त्याआधी ती कळते शिपाईकाकांना, रिक्षामामांना, अंगणवाडीताईंना, आशाताईंना, घरी विड्या वळायला पानं देणाऱ्या विडी कारखान्यातल्या माणसाला. त्यांना तासभर बोलवा आणि दोनच गोष्टी सांगा: काय दिसलं तर कळवायचं आणि कुणाला कळवायचं. एक नाव, एक फोन नंबर. शाळेत कुणी बालरक्षक, म्हणजे शाळा सुटलेल्या मुलांना परत आणणारे शिक्षक, म्हणून काम करत असेल तर तेच नाव द्या. मोठ्या भाषणांची गरज नाही.

ग्रामीण भागात टोळ्या आणणारे मुकादम आणि साखर कारखान्याचं शेती कार्यालय यांना सोडून हे काम होत नाही. कुठल्या टोळ्या कुठल्या गटात उतरणार, हे तिथे आधीच माहीत असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात मुख्याध्यापक आणि सरपंचांनी मिळून कारखान्याकडे जावं आणि दोन गोष्टी मागाव्यात: कोप्या कुठे पडणार त्याची यादी, आणि लांबच्या उसाच्या फडावरून मुलांना शाळेत आणायला सकाळी एक गाडी.