वायफाय हळू चालतंय? प्लॅन वाढवण्याआधी हे करून बघा

मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला किंवा व्हिडिओवर ते गोल चक्र फिरायला लागलं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. कंपनीला फोन लावून मोठा प्लॅन घेतात, नाहीतर चार अँटेनांचा नवा राउटर मागवतात. पैसे जातात आणि आतल्या खोलीतली रड तशीच राहते. दुखणं बरेचदा घरापर्यंत येणाऱ्या इंटरनेटचं नसतंच. ते राउटरपासून हातातल्या फोनपर्यंतच्या शेवटच्या पाच-दहा मीटरमध्ये असतं. हा टप्पा तपासायचा कसा आणि सुधारायचा कसा, ते क्रमाने बघू. फुकटातले उपाय आधी, खिशाला हात शेवटी.

पहिलं काम: मोजणी

लॅपटॉप घ्या आणि नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडा. राउटरच्या मागे ‘लॅन’ लिहिलेले पोर्ट असतात, त्यातला कुठलाही चालेल. आता लॅपटॉपचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर आकडा केबलचा आला की हवेतला, हे कळायला मार्ग नाही. मग कुठल्याही स्पीड टेस्टच्या साइटवर जाऊन मोजा. सकाळी एकदा आणि रात्री सगळे घरी असताना एकदा. आलेला आकडा प्लॅनशी ताडून बघा.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण फाइल उतरवताना संगणक १२ दाखवतो. यात फसवणूक काही नाही. प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो, फाइलचा बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट.

केबल लावूनही स्पीड कमी येत असेल तर तक्रार कंपनीकडेच करा. आता तुमच्याकडे आकडे आहेत, त्यामुळे ‘राउटर बंद करून चालू करा’ यावर तुमची बोळवण होणार नाही. फक्त एक बघा. प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि आकडा दरवेळी ९४-९५ वर येऊन थांबतोय? मग संशय केबलवर घ्या. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात. एखादी तुटली किंवा टोकाशी नीट बसली नाही की जोडणी गुपचूप १०० वर उतरते, आणि त्यातून हाती येतात ते साधारण ९४. जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असतील तरी हेच होतं.

केबलवर सगळं ठीक असेल तर फोन हातात घ्या. राउटरपासून दोन-तीन पावलांवर उभं राहून मोजा, मग जिथे त्रास होतो त्या खोलीत जाऊन मोजा. फोन तोच ठेवा. राउटरजवळ चांगला आकडा आणि खोलीत त्याचा पाव हिस्सा, असं असेल तर मोठा प्लॅन घेऊन काडीचाही फरक पडणार नाही.

स्पीडसोबत सिग्नलची ताकदही बघता आली तर फार बरं. अँड्रॉइडवर वायफाय तपासणारी बरीच ॲप मिळतात. मॅकवर ऑप्शन बटण दाबून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आकडा दिसतो. तो उणे असतो, डीबीएममध्ये. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे मस्त, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो, आणि उणे ७५ च्या पलीकडे रडगाणं सुरू. हे आकडे साधे वाटले तरी दर ३ ने खाली गेलात की ताकद निम्मी होते आणि १० ने गेलात की दहावा हिस्सा उरतो.

लागतं तरी किती? एका चांगल्या व्हिडिओ कॉलला ३ ते ४ एमबीपीएस, फोर-के चित्रपटाला १५ ते २५. चौघांच्या घरात सगळं एकदम चालू असलं तरी १०० सहसा पुरतात.

दुसरं काम: राउटरची जागा

खरा फरक इथेच पडतो, आणि इथेच सगळ्यात जास्त हयगय होते. बसवायला आलेला माणूस केबल जिथून घरात शिरते तिथेच राउटर ठेवून जातो. बाहेरच्या भिंतीचा कोपरा, टीव्हीची मागची बाजू, चपलांच्या कपाटाचा वरचा खण. कोपऱ्यात ठेवलेल्या राउटरचा अर्धाअधिक सिग्नल घराबाहेर जातो. दिसायला बरा दिसत नाही म्हणून काही जण त्याला कपाटात कोंडतात, तेही लोखंडी. मग बोलायलाच नको.

राउटर घराच्या मध्याजवळ हवा, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर. लाकडी दार आणि पातळ पार्टिशन यांतून लहरी फारशी कुरकुर न करता जातात. विटांची भिंत थोडं खाते, आणि सळ्या घातलेलं काँक्रीट बरंच खातं. धातू तर त्या परतवूनच लावतो. म्हणून फ्रिज, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा (आरशामागे धातूचा थर असतो) यांच्या मागे राउटर नको. पाणीही लहरी शोषतं, त्यामुळे माशांच्या टाकीशेजारची जागा टाळा.

भिंतीची जाडी मोजताना लहरींची वाट सरळ आहे की तिरपी, हे लक्षात घ्या. राउटर आणि तुमची खुर्ची भिंतीच्या समोरासमोर असतील तर लहरींना भिंत एकदाच आडवी येते. तीच भिंत तिरकी पार करावी लागली तर लहरींच्या वाटेत दुप्पट-तिप्पट सिमेंट येतं. राउटर हातभर सरकवून आतल्या खोलीचा सिग्नल सुधारतो तो यामुळेच. तिरप्या वाटेला दाराची चौकट सापडते.

अँटेना वळवून टोक आपल्या खोलीकडे रोखण्याची हौस बऱ्याच जणांना असते. होतं उलटंच. कांडीच्या अँटेनातून लहरी तिच्या चहूबाजूंनी पसरतात आणि टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जातात. घर एकाच मजल्याचं असेल तर अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावरही हवं असेल तर एक आडवी करून बघा.

आणखी दोन चोर आहेत. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अगदी मधोमध. तो सुरू असताना कॉल तुटत असेल तर कोडं सुटलं. दुसरा लवकर सापडत नाही. राउटरच्या यूएसबी ३ पोर्टला लावलेली हार्ड डिस्क. यूएसबी ३ मधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. डिस्क काढून बघा, निदान लांब वायरने दूर तरी ठेवा.

हलवायचं कसं? फायबरच्या तारेला हात लावू नका. ती काटकोनात दुमडली तरी बिघडते. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर डबा तिथेच राहू द्या आणि मधली नेटवर्क केबल लांब घ्या. ती १०० मीटरपर्यंत चालते. दोन्ही एकाच डब्यात असतील तर त्याला केबलने दुसरा राउटर जोडा, तो ‘ॲक्सेस पॉइंट’ या मोडवर (म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल) टाका आणि पहिल्याचं वायफाय बंद करा. भिंतीला भोक पाडण्याआधी राउटर एक दिवस नव्या जागी स्टुलावर ठेवून पुन्हा मोजा. भोक नंतरही पाडता येईल.

तिसरं काम: बँड आणि चॅनेल

राउटरच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ब्राउझरमध्ये इंग्रजी अंकांत तो टाकला की सेटिंगचं पान उघडतं. नव्या राउटरचं स्वतःचं ॲपही असतं.

बँड म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा, आणि चॅनेल म्हणजे त्या पट्ट्यातली एक गल्ली. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोहोचतो, भिंतींना कमी दाद देतो, पण तिथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एक-दोन भिंतींत दमतो. ६ गिगाहर्ट्झ नवा आणि मोकळा, मात्र सगळ्या देशांत तो सारखा खुला नाही आणि जुन्या फोनना दिसतही नाही. २.४ आणि ५ या दोन्ही बँडना एकच नाव द्या आणि निवड फोनवर सोडा, असं माझं मत. अडचण येते ती स्मार्ट बल्ब, प्लग वगैरेंची, कारण यातल्या बऱ्याच वस्तूंना फक्त २.४ कळतो. जोडणी होत नसेल तर तेवढ्यापुरता ५ बंद करा, बल्ब जोडा, पुन्हा चालू करा.

२.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे हे तीनच. कुणी हुशारी करून ३ किंवा ८ निवडतो तेव्हा तो दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना त्रास देतो आणि स्वतःही सोसतो. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ वर ८० चालेल. ५ वरचे काही चॅनेल रडारच्या वाटणीचे आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडावे लागतात, आणि अशा चॅनेलवर सुरू होण्याआधी निदान मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो. तुमचं ५ वालं नेटवर्क मधूनच मिनिटभर गायब होत असेल तर चॅनेल ३६ ते ४८ यांपैकी एक पक्का करून बघा.

आता पैसे

इतकं करूनही एखादी खोली कोरडी राहिली तर खर्च करा, पण आधी केबलवर. वायफाय म्हणजे एका वेळी एकानेच बोलायची सभा: एका चॅनेलवर एका क्षणी एकच उपकरण बोलतं, बाकीचे थांबतात. जागचे न हलणारे टीव्ही, संगणक, गेमचा डबा केबलवर नेले की ते सभेतून उठतात आणि फोनला पाळी लवकर मिळते.

एक्स्टेंडर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) स्वस्त, पण साधा एक्स्टेंडर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. तो घ्यायचाच असेल तर अडचणीच्या खोलीत लावू नका. तिथे सिग्नलच नाही, तो पुढे काय देणार? अर्ध्या वाटेवर, जिथे अजून उणे ६० च्या आसपास मिळतंय, तिथे लावा. मोठ्या किंवा दोन मजली घराला मेश (मिळून एकच नेटवर्क चालवणारे दोन-तीन डबे) बरा, आणि त्याचे डबे एकमेकांना केबलने जोडता आले तर उत्तमच.

नवा राउटर घेताना खोक्यावरच्या हजारोंच्या आकड्याला भुलू नका. ती सगळ्या बँडची बेरीज असते आणि एका फोनला ती कधीच मिळत नाही. १९९७ मध्ये आलेल्या पहिल्या मानकात वेग २ एमबीपीएस होता. आज सहाव्या पिढीचा वायफाय ६ घेतला तरी बहुतेक घरांची गरज भागते. वायफाय ७ तेव्हाच घ्या, जेव्हा तुमचा फोन किंवा लॅपटॉप तो ओळखतो.

कुलूप लावा

यात दहा मिनिटं जातात. सेटिंगच्या पानाचा ॲडमिन पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पहिला बरेच जण बदलतच नाहीत. दोन्ही बदला. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. चार-पाच असंबद्ध शब्द जोडून लांबलचक केलात तर लक्षातही राहतो. सुरक्षा डब्ल्यूपीए३ ठेवा, जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी दिसलं तर ताबडतोब बदला. ते २००१ मध्येच फोडता येऊ लागलं. आठ आकड्यांच्या पिनने जोडणारं डब्ल्यूपीएस बंद करा. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, आपोआप अपडेट होऊ द्या. पाहुण्यांना आणि स्मार्ट वस्तूंना गेस्ट नेटवर्क. नेटवर्कचं नाव लपवून सुरक्षा वाढत नाही. शोधणाऱ्याला ते दिसतंच.

घराबाहेर पडल्यावर

विमानतळ, हॉटेल, वाचनालय इथलं फुकट वायफाय वापरायला हरकत नाही. आता बहुतेक साइट आणि ॲप माहिती कुलूपबंद करूनच पाठवतात. धोका नावात आहे. नेटवर्कला कुणीही कुठलंही नाव देऊ शकतो, हॉटेलचंसुद्धा. म्हणून नाव काउंटरवर विचारून घ्या, फोनमधलं ‘आपोआप जोडा’ बंद ठेवा, आणि ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला की तिथेच थांबा. बँकेचं काम मोबाइल डेटावर करा, म्हणजे शंकाच नको. लॉगिनचं पान उघडत नसेल तर व्हीपीएन किंवा प्रायव्हेट डीएनएस तात्पुरता बंद करून बघा. बहुतेक वेळा तेच अडवत असतात. विद्यार्थी किंवा प्राध्यापक असाल तर आपल्या संस्थेत एड्युरोम हे विद्यापीठांचं सामायिक वायफाय आहे का ते विचारा. त्याच एका खात्यावर जगभरातल्या सहभागी विद्यापीठांत फोन आपोआप जोडला जातो.

फोनचा हॉटस्पॉट सुरू करण्याआधी लॅपटॉपमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड’ म्हणून खूण करा. नाहीतर लॅपटॉप त्याला घरचं वायफाय समजून अपडेट उतरवायला घेतो आणि दिवसाचा डेटा तासाभरात संपवतो. लॅपटॉप शेजारीच असेल तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर टाका. लांबचा प्रवास असेल तर यूएसबी केबलने जोडा, म्हणजे फोन चार्जही होत राहील.

ज्या घरात मोबाइलची रेंज येत नाही तिथे वायफाय कॉलिंग वरदान आहे. मोबाइल कंपनीची सोय असली की फोनच्या सेटिंगमध्ये ते चालू करायचं. मग नेहमीचे फोन, नेहमीच्याच नंबरवरून, वायफायमार्गे जातात. वेगळं ॲप लागत नाही. पण वीज गेली की राउटर बंद आणि त्याच्यासोबत फोनही, तेव्हा अशा घरात राउटर आणि फायबरचा डबा दोन्हींना एक छोटा यूपीएस लावून ठेवा.