ब्राउझरमध्ये डॉस आणि जुनी विंडोज कशी चालवावी

विदर्भातल्या खेड्यांत माझ्या पिढीतल्या अनेकांची संगणकाशी पहिली ओळख २००१ नंतर, तालुक्याच्या एमएस-सीआयटी केंद्रात झाली; त्यामुळे डॉस, म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून संगणक चालवायची विंडोजआधीची प्रणाली, हाताळायचा राहूनच गेला. आता त्यासाठी जुने यंत्र शोधावे लागत नाही. व्ही८६ नावाचे मोफत इम्युलेटर ब्राउझरच्या एका टॅबमध्ये जुन्या पीसीचा प्रोसेसर, मेमरी आणि फ्लॉपी ड्राइव्ह उभे करते.

सुरुवात विंडोज ९५ पासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची डिस्क मोठी असून लागेल तसा तिचा भाग नेटवरून येत राहतो, आणि गावात रेंज गेली की काम मध्येच अडकते. त्याऐवजी व्ही८६ च्या पानावरच्या यादीतून फ्रीडॉस निवडावे. १९९४ मध्ये सुरू झालेली ही डॉससारखीच मुक्त प्रणाली तिथे एक एमबीहूनही लहान फ्लॉपीत मिळते, आणि एकदा सुरू झाली की हॉटस्पॉट बंद केला तरी चालते, कारण सारे काम आपल्याच संगणकात होत असते. खरा कीबोर्ड मात्र हवा.

‘ए’ अक्षरापुढे रेघ लुकलुकू लागली की रोमन अक्षरांत ‘डीआयआर’ लिहून एंटर दाबावे. फ्लॉपीतल्या फाइलींची यादी उमटेल. मग ‘कॉपी कॉन’ लिहून, एक जागा सोडून फाइलचे नाव द्यावे, एंटर दाबून दोन ओळी लिहाव्यात आणि शेवटी कंट्रोल-झेड व एंटर दाबावे. फाइल तयार होते. ‘टाइप’ या आज्ञेने ती वाचता येते. नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे चालत नाही. यवतमाळ रोमन लिपीत बरोबर आठ अक्षरांत बसते, चंद्रपूर बसत नाही. ही मर्यादा मुलांना स्वतः टाइप करून पाहू द्यावी, सांगून ती तितकी कळत नाही.

कंट्रोल-डब्ल्यू चुकूनही दाबू नये, त्याने टॅबच बंद होतो. भारनियमनाच्या वेळेआधी ‘सेव्ह स्टेट’ बटणाने यंत्राची स्थिती फाइलमध्ये उतरवून ठेवावी, नाहीतर लिहिलेले सगळे जाते.

एवढे जमल्यावर, रात्री नेट बरे असताना, विंडोज ९५ उघडावी. माउसचा बाण आत अडकल्यास एस्केप दाबावे. अ‍ॅपलच्या जुन्या मॅकिन्टॉश संगणकाची हौस असेल, तर १९८४ च्या पहिल्या प्रणालीपासूनच्या आवृत्त्या इन्फिनिट मॅक या संकेतस्थळावर आहेत.