कोल्हापूरहून राजापूरच्या ऊन पाण्याला कसे जावे आणि स्नान कसे करावे

कोकणात उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे ही गावे ज्या ऊन पाण्यामुळे ओळखली जातात, त्यांपैकी राजापूरजवळचे उन्हाळे कोल्हापूरकरांना एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. पहाटे निघून कळे, बाजारभोगाव, करंजफेण या मार्गाने अणुस्कुरा घाट उतरावा आणि पाचल, ओणीवरून राजापूर गाठावे. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा; थंडीत या पाण्याचे सुख काही वेगळेच असते. जाताना जुन्या इतिहासाचीही आठवण ठेवावी, कारण राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत केली होती आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी ती वखार लुटली.

येथे ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी बेसाल्ट खडकाच्या भेगांमधून खोल झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांवाटे वर येते. उन्हाळे गावातील हे पाणी सुमारे ४२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे अंगाला सोसेल असे, पण फार वेळ थांबू नये असे.

जेवणानंतर किमान दीड-दोन तासांनी स्नान करावे. अंगावरील चांदीचे दागिने आधी उतरवून ठेवावेत. माझ्या आईने पहिल्या खेपेला जोडवी तशीच ठेवली होती. गंधकयुक्त पाण्याने ती काळवंडली आणि घरी आल्यावर चिंचेने घासून घासून कशीबशी उजळली. प्रथम साध्या पाण्याने हातपाय धुवावेत, नंतर ऊन पाणी पायांवर, गुडघ्यांवर, मग खांद्यांवर घ्यावे, म्हणजे शरीराला उष्णता एकदम लागत नाही. दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. डोके बुडवू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये, कारण नैसर्गिक कोमट पाण्यात क्वचित घातक अमीबा असू शकतो. बाहेर येताना हळू उठावे, अन्यथा रक्तदाब उतरून चक्कर येते. थोडे बसून साधे पाणी प्यावे आणि अंग कोरडे करावे. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा रक्तदाबाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये; उघडी जखम असेल तर कोणीच उतरू नये. या पाण्याने आखडलेल्या सांध्यांना आराम वाटतो, परंतु चालू औषधे त्याच्या भरवशावर बंद करू नयेत.

कुंडाच्या परिसरात साबण, शॅम्पू लावणे आणि कपडे धुणे कटाक्षाने टाळावे. दगडांवर साचलेला साबणाचा बुळबुळीत थर मी पाहिला आहे. त्यावरून म्हातारी माणसे घसरतात, आणि या जागेला श्रद्धेने तीर्थ मानणाऱ्यांना तो पाहून वाईट वाटते. स्नानानंतर वेळ असेल तर जवळची राजापूरची गंगा पाहावी. तेथे चौदा कुंडे आहेत, परंतु गंगा साधारणतः तीन वर्षांनी प्रकटते आणि काही काळाने पुन्हा लुप्त होते, त्यामुळे निघण्यापूर्वी राजापुरात कोणाला तरी फोन करून ती आली आहे का, याची खात्री करून घ्यावी. परतताना अणुस्कुरा घाट अंधार पडण्याआधी चढून यावा.