जुन्या पिकअपचा स्टार्टर खरंच गेला आहे का? बदलण्याआधी असे तपासा

चावी फिरवली, नुसता 'टक्' आवाज आला आणि इंजिन हललेच नाही, की दोष थेट स्टार्टरवर, म्हणजे इंजिनला सुरुवातीला फिरवणाऱ्या मोटरवर जातो. जुन्या गाडीत मात्र बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची वायर, तिची टोके आणि अर्थिंग यांचीही तेवढीच झीज झालेली असते. नवा स्टार्टर बसवूनही तेच दुखणे राहते ते यामुळेच. एक मल्टीमीटर आणि चावी फिरवायला एक माणूस असेल, तर खरा दोषी घरच्या घरी सापडतो.

१. आधी गाडी सुरक्षित करा. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रलमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये). तपासताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. डिझेल गाडीत इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) वायर काढतात. स्टार्टरच्या दोन बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवून सेल्फ मारायची सवय अनेकांना आहे. ती कृपया सोडा. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर समोरच्या माणसावर जाते.

२. हेडलाइट लावून सेल्फ मारा आणि ऐका. भराभर 'टकटकटक' आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. एकच ठणठणीत 'टक्' आला आणि दिवे तसेच प्रखर राहिले, तर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) आतले तांब्याचे संपर्क किंवा मोटरच्या आत वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश झिजल्याचा संशय घ्या. 'टक्' होऊन दिवे अगदी मंद झाले, तर बॅटरी दमली आहे, नाहीतर स्टार्टर किंवा इंजिनच जाम आहे. मोटर नुसतीच गरगर फिरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स (स्टार्टरचे पुढे सरकून इंजिनच्या दात्यांत अडकणारे छोटे दातेरी चाक) पकडत नाही. करकर आवाज म्हणजे दाते झिजलेले.

३. बॅटरी. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. १२.२ म्हणजे बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली. आधी चार्ज करा, मग पुढे जा. सेल्फ मारताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी घासून काढा. इंजिन ते चासी ही अर्थ वायरही पाहा. ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

४. व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत आणि जोडांत वाया जाणारे व्होल्ट मोजा. माझ्या मते सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वांत मोलाची. आतून गंजून दोन-चार तारांवर तगलेली वायरसुद्धा मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. स्टार्टरला शंभर अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो, तेव्हाच तिचे खरे रूप कळते. म्हणून मोजायचे ते सेल्फ मारत असतानाच.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरे स्टार्टरवरच्या जाड वायरच्या बोल्टवर. मदतनिसाला चावी फिरवू द्या. ०.५ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त आले तर वायर किंवा जोड खराब. मग निगेटिव्ह खांब ते स्टार्टरची बॉडी असे मोजा, तिथे ०.३ पेक्षा जास्त नको.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा: मोटर अजिबात फिरत नसेल आणि ड्रॉप शून्य दिसला, तर वायर चांगली आहे असे सिद्ध होत नाही, प्रवाहच वाहत नसतो. अशा वेळी सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मोजा. 'टक्' होऊनही तिथे १२ च्या जवळ आकडा राहिला, तर आतले संपर्क जळाले आहेत. पुष्कळ स्टार्टरमध्ये तेवढेच संपर्क बदलता येतात.

५. बारीक वायर. 'टक्' सुद्धा होत नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर, चावी स्टार्टला धरून, निदान १०.५ व्होल्ट येतात का पाहा. येत नसतील तर स्टार्टर निर्दोष. फ्यूज, रिले, इग्निशन स्विच आणि क्लच किंवा न्यूट्रल स्विच तपासा. ऑटोमॅटिक गाडी पार्कऐवजी न्यूट्रलमध्ये सुरू झाली तर दोष त्या स्विचकडेच बोट दाखवतो. काही जुन्या फोर्ड पिकअपमध्ये सोलेनॉइड स्टार्टरवर नसतो, बॉनेटखाली बाजूच्या पत्र्यावर असतो; तिथे शोधा.

इंजिन तापल्यावरच सेल्फ लागत नसेल, तर या चाचण्या तापलेल्या अवस्थेतच करा. थंड झाल्यावर सगळे आकडे चांगले येतील आणि दोष निसटेल.

६. इंजिन फिरते का? क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवून पाहा. अजिबात हलत नसेल तर प्रश्न स्टार्टरचा नाही.

एवढे सगळे ठीक निघाले, तरच स्टार्टर उतरवा. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. उतरवल्यावर त्या भोकातून फ्लायव्हीलच्या (स्टार्टर ज्याला फिरवतो त्या इंजिनच्या जड चाकाच्या) रिंगचे दाते टॉर्चने पूर्ण फेरीभर पाहा, इंजिन हाताने थोडे थोडे फिरवत. इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबत असल्याने दातेही बहुधा तिथेच झिजतात, आणि झिजलेल्या रिंगवर बसवलेला नवा बेंडिक्सही लवकर खराब होतो.