एपिड्युरल इंजेक्शनचा परिणाम मणक्याच्या प्रतिमांवर कसा अभ्यासावा

कमरेत एपिड्युरल स्टेरॉइड (मज्जारज्जू आणि नसांच्या आवरणाबाहेरच्या जागेत सूज कमी करणारं औषध) दिल्यावर प्रतिमांना तीन प्रश्न विचारता येतात: औषध कुठे पोहोचलं, पुढच्या काही महिन्यांत डिस्क आणि नसेत काय बदललं, आणि काही बिघडलं का. दुखणं कमी झालं का, हा चौथा प्रश्न मात्र रुग्णालाच विचारावा लागतो. या चार उत्तरांसाठी नोंदपत्रकात पहिल्या दिवसापासून चार वेगळे रकाने ठेवा. ‘डाय (एक्स-रेवर दिसणारा द्रव) छान पसरला, म्हणजे इंजेक्शन लागू पडलं’ अशी नोंद अभ्यासात निरुपयोगी असते.

आधी मणके मोजा

कमरेचा पाचवा मणका (एल ५) माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला चिकटलेला असेल किंवा त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा असेल, तर एमआरआयच्या रिपोर्टमधला एल ५ आणि सी-आर्मखालचा (इंजेक्शनच्या वेळच्या चालत्या एक्स-रे यंत्राखालचा) एल ५ वेगळे निघतात. मग सुई एक पातळी वर-खाली जाते, आणि ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष मात्र औषधाच्या माथी बसतो. म्हणून एमआरआयच्या वेळीच पूर्ण कण्याचा सॅजिटल लोकलायझर (बाजूने घेतलेला झटपट प्राथमिक स्कॅन) घेऊन मानेतल्या दुसऱ्या मणक्यापासून खाली मोजत या. सी-आर्मवर बारावी बरगडी ओळखून तिथून मोजा. दोन्ही मोजण्या जुळल्याची खूण असलेला फोटो फाइलमध्ये ठेवा.

इंजेक्शनपूर्वीचा एमआरआय

तो शक्यतो इंजेक्शनच्या आधीच्या ४ ते ६ आठवड्यांतला असावा. सॅजिटल टी १, टी २ आणि स्टर (चरबी दाबून टाकणारा) हे एमआरआयचे प्रकार, शिवाय ॲक्सियल (आडव्या कापांचा) टी २. जाडी ३ ते ४ मिमी. ॲक्सियल काप फक्त डिस्कच्या पातळीवर तिरके घेतले, तर खाली किंवा वर सरकलेला तुकडा दोन पातळ्यांच्या मधल्या फटीत हरवतो. सलग काप घ्या.

पुढचा स्कॅन त्याच मशीनवर, त्याच कॉइलमध्ये (संकेत टिपणाऱ्या पट्टीत), कापांचे कोन आधीच्या स्कॅनवरून उचलून. वेळही तीच ठेवा: दिवसभराच्या उभ्या भाराने डिस्कमधलं पाणी कमी होतं, त्यामुळे सकाळचा आणि संध्याकाळचा स्कॅन एकाच माणसाचा असूनही नीट जुळत नाही. स्कॅनआधी २० ते ३० मिनिटं झोपवून ठेवलं तर हा फरक बराच आटोक्यात येतो.

डाय टाकताना

इथे घाई करू नये. डाय नॉन-आयोनिक आणि ड्युराच्या (मज्जारज्जूभोवतीच्या बाहेरच्या आवरणाच्या) आत चालणारा घ्या, उदाहरणार्थ आयोहेक्झॉल, मिलीला १८० ते ३०० मिग्रॅ आयोडीन. कारण सुई कधी तरी ड्युराच्या आत जाणारच. आयोडीनची ॲलर्जी आहे म्हणून सहज गॅडोलिनियमकडे (एमआरआयच्या डायकडे) वळू नका. ते चुकून ड्युराच्या आत गेलं तर झटके आणि मेंदूची गंभीर इजा होऊ शकते.

सुईला सिरिंज थेट न लावता बारीक एक्स्टेंशन ट्यूब जोडा. सुई हलत नाही आणि हातही किरणांबाहेर राहतो. फोरामेनमधून (नस बाहेर पडण्याच्या छिद्रातून) देताना ०.५ ते १ मिली, दोन लॅमिनांमधून (मणक्यांच्या मागच्या पट्ट्यांमधून) देताना १ ते ३ मिली, चालू फ्लुरोखाली (सलग एक्स-रेखाली) हळूहळू सोडा. डाय सोडून झाल्यावर फोटो काढला, तर शिरेत गेलेला डाय तोवर वाहून गेलेला असतो आणि चित्र निर्दोष दिसतं. सिरिंज ओढल्यावर रक्त आलं नाही, यावर विसंबू नका. शंका असेल तर डीएसए (हाडांची प्रतिमा वजा करून फक्त डाय दाखवणारी तपासणी) करा. एपिड्युरल स्टेरॉइडनंतरच्या दुर्मीळ पण गंभीर मज्जासंस्थेच्या इजांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१४ मध्ये इशारा दिला होता. कण असलेलं स्टेरॉइड धमनीत जाणं हे त्यातलं भीतीचं कारण.

समोरून पाहिल्यावर चरबीच्या गोळ्यांभोवतून गेलेला, जाळीदार, कडा थोड्या खडबडीत असलेला डाय एपिड्युरल. पालथ्या रुग्णात लगेच पातळ होऊन पोटाच्या बाजूला साचला आणि नसांच्या रेषा उमटल्या, तर तो ड्युराच्या आत. क्षणात नाहीसा झाला तर रक्तवाहिनीत. खोलीचा अंदाज नुसत्या समोरच्या दृश्यावरून बांधू नका. बाजूचं दृश्य घ्या, आणि लॅमिनांमधून देताना विरुद्ध बाजूचं साधारण ४५ अंशांचं तिरकं दृश्यही.

नोंदवायचं ते हे: किती डिस्क-पातळ्या वर, किती खाली, उजवीकडे की डावीकडे, नसेची बाह्यरेषा उमटली का, आणि डाय पुढच्या बाजूला गेला का. शेवटचा मुद्दा बहुतेक पत्रकांत नसतो, आणि डिस्क तर नसेला पुढूनच दाबत असते. औषध देऊन झाल्यावर आणखी एक फोटो घ्या, कारण औषध डायला पुढे ढकलतं. फ्लुरोचा वेळ आणि किरणांची मात्राही लिहून ठेवा.

पुढचे स्कॅन

पाय आणि कंबर यांचं दुखणं वेगवेगळं, ० ते १० मापावर, आणि ऑस्वेस्ट्री निर्देशांक (कंबरदुखीमुळे रोजच्या कामात येणारी अडचण मोजणारी प्रश्नावली): इंजेक्शनपूर्वी, मग २ आठवडे, ६ आठवडे, ३ आणि ६ महिन्यांनी. एमआरआय ३ किंवा ६ महिन्यांनी पुरतो.

डिस्क लहान झालेली दिसली की श्रेय इंजेक्शनला देण्याचा मोह होतो. बाहेर आलेले, विशेषतः सुटून पडलेले तुकडे काहीही न करता अनेकदा काही महिन्यांत विरघळतात. तुलनेचा गट नसेल, तर ‘आकार कमी झाला’ यापुढे लिहू नका. उलट बाजूही तितकीच खरी, झीज दिसली म्हणजे दुखणं असतंच असं नाही: २०१५ मध्ये प्रकाशित झालेल्या एका आढाव्यात, काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या, तर ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या डिस्कमध्ये झीज दिसली होती.

वाचन दोन रेडिओलॉजिस्टांनी स्वतंत्रपणे करावं. नाव, तारीख, कुठला स्कॅन आधीचा हे झाका. डिस्कच्या झिजेसाठी फिरमान श्रेणी १ ते ५, मणक्याच्या कालव्याच्या अरुंदपणासाठी शिझास श्रेणी ए ते डी. काही आठवड्यांनी तेच स्कॅन पुन्हा वाचायला देऊन कॅप्पा (वाचनांतली सहमती मोजणारा आकडा) काढा. वारंवार स्टेरॉइड झालेल्या रुग्णात टी १ वर एपिड्युरल चरबी वाढली आहे का, तेही पाहा.

पहिल्या काही दिवसांत स्कॅन करावा लागला तर

एपिड्युरल जागेत हवेचे बुडबुडे आणि थोडा द्रव दिसणं स्वाभाविक आहे. तो लगेच गळू समजू नका. पण ताप, वाढतं दुखणं आणि चढलेला सीआरपी (रक्तातला सूज-संसर्गाचा निर्देशक) असेल तर गॅडोलिनियम शिरेतून देऊन तातडीने एमआरआय करा. पायांतली ताकद अचानक गेली असेल तर डिफ्यूजन सिक्वेन्स (रक्तपुरवठा तुटल्याचं लवकर दाखवणारा एमआरआयचा प्रकार) जरूर घ्या. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटल्यावर पहिल्या काही तासांत टी २ साफ दिसू शकतो.