गुरूचे चंद्र आणि अरोरा: या चुका टाळा

गुरूच्या अतिनील छायाचित्रात ध्रुवाभोवतीच्या अरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, तेजस्वी कड्याबाहेर, विषुववृत्ताच्या बाजूला, एक सुटा ठिपका दिसतो. त्याला लागून शेपटीसारखी फिकट रेघ. ही आयोची, म्हणजे गुरूच्या एका चंद्राची, पाऊलखूण: त्याच्यामुळे गुरूवर उमटलेला प्रकाश. मला तर सूर्यमालेतलं हे सर्वांत देखणं दृश्य वाटतं.

चंद्र म्हटला की आपल्याला भरती-ओहोटी आठवते आणि इथेच गाडी अडते. गुरूच्या ओढीने आयोचे ज्वालामुखी धगधगतात हे खरं, पण ठिपका उजळतो चुंबकीय क्षेत्रामुळे.

सर्वाधिक घोटाळा होतो दिशेचा. गुरू 9 तास 55 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. आयोला एका प्रदक्षिणेला साडेबेचाळीस तास लागतात. चुंबकीय क्षेत्र आणि त्यात अडकलेला प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) गुरूबरोबर गरगरतो. म्हणजे आयो प्लाझ्मा कापत जात नाही, प्लाझ्माच मागून येऊन सेकंदाला सुमारे 57 किलोमीटरने त्याला ओलांडतो. नदीतल्या खडकासारखा आयो आडवा येतो. त्यामुळे शेपटी त्याच्या मागे नसते, तो जातो त्याच दिशेला पुढे पसरते. कुठलीही आकृती पाहताना शेपटीची दिशा दाखवणारा बाण आधी तपासा.

या अडथळ्याने चुंबकीय रेषा छेडलेल्या तारेसारख्या थरथरतात. त्या लहरी दोन्ही ध्रुवांकडे धावतात, वाटेत इलेक्ट्रॉनना वेग देतात आणि ते गुरूच्या वातावरणातल्या हायड्रोजनवर आदळतात. म्हणून ठिपका आयोच्या थेट खाली शोधू नका. शिवाय पृथ्वीवरच्या अरोराचा हिशोब इथे लावू नका. या ठिपक्याला सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या प्रवाहाची, गरज नाही.

ठिपका ओळखता येत नसेल, तर काही वेळाच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रं शेजारी ठेवा. मुख्य कडं गुरूबरोबर फिरलेलं दिसेल, ठिपका मात्र आयोच्या सोबतीने सरकलेला असेल. रंगांवर विसंबू नका. अतिनील आणि अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, निळा-जांभळा रंग नंतर दिलेला असतो.

गुरूच्या गॅनिमीड या चंद्राबाबत एक गल्लत नेहमी होते. त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे, त्यामुळे त्याच्या अंगावरही अरोरा असतो. गुरूवरची त्याची पाऊलखूण ही वेगळी गोष्ट.

आणि ठिपका दिसला नाही म्हणून चंद्राचा ग्रहाशी असा चुंबकीय संबंधच नाही, असं ठरवू नका. शनीवरची त्याच्या एन्सेलाडस या चंद्राची पाऊलखूण कॅसिनी यानाने 2008 मध्ये टिपली, तीही मोजक्याच छायाचित्रांत. बाकीच्यांत ती इतकी मंद होती, की उमटलीच नाही.